नजर कागदावर, हात कीबोर्डवर

२०२३ चा जुलै संपत आला होता. एक रुपयात पीकविमा त्याच वर्षी पहिल्यांदा आलेला, म्हणून तालुक्यातला जो तो सातबारा, आधार आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून अमळनेरला आमच्या दुकानासमोर उभा. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. तीन कम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि गारव्यापेक्षा कागद जास्त उडवणारा पंखा. दुपारी एकच्या सुमाराला माझ्या माऊसचा लाल दिवा विझला. वायर हलवली, उलटा करून फुंकला, मागच्या दुसऱ्या खाचेत घालून पाहिला. ढिम्म. समोर मारवडचे एक आबा बसले होते. ते वाकून म्हणाले, "ताई, उंदीर मरी गया का?" सगळी रांग हसली. मला घाम फुटला होता.

नवा माऊस आणायला शेजारच्या पोराला पिटाळलं. त्याला यायला अर्धा तास लागला आणि तोवर मी नुसत्या कीबोर्डवर तीन फॉर्म भरले. माऊस असता तरी तीनच झाले असते, तेव्हा वेग वाढला वगैरे मी म्हणणार नाही. पण रात्री पावत्या ताडून बघताना दिसलं की दिवसभरात जे चार-पाच फॉर्म मला परत उघडून दुरुस्त करावे लागले, त्यात हे तीन नव्हते.

असं का झालं ते मला लगेच कळलं, कारण माझं टायपिंग रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर झालं आहे. मराठी तीस आणि मराठी चाळीस, दोन्ही परीक्षा खटखटत दिल्या. आमचे सर बटणांवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालायचे आणि हात आत घालून टाइप करायला लावायचे. मान खाली गेली की टेबलावर पट्टी वाजायची, "नजर कागदावर!" माऊसने नेमकी तीच सवय मोडली. उजवा हात कीबोर्डवरून उचलायचा, पडद्यावर बाण शोधायचा, टिचकी मारायची आणि मग नजर पुन्हा कागदावर आणायची. ती परत येते तेव्हा एक ओळ वर नाहीतर एक ओळ खाली उतरते. सातबाऱ्यावर एक ओळ चुकली म्हणजे एका गटाचं क्षेत्र दुसऱ्या गटाला लागलं. म्हणून मी शॉर्टकट शिकवते ते वेळ वाचवायला नव्हे, नजर कागदावरून हलू नये म्हणून.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ चं आहे. 'विंडोज बटण' म्हणेन तेव्हा स्पेसबारच्या डावीकडचं खिडकीच्या चित्राचं बटण समजा.

फॉर्म भरताना

टॅब दाबला की पुढच्या रकान्यात, शिफ्ट-टॅब दाबलं की मागच्या रकान्यात. पहिला भाग सगळ्यांना येतो, दुसरा येत नाही, आणि खरा उपयोग दुसऱ्याचाच. टॅबच्या ओघात एक रकाना पुढे गेलो की लोक माऊस धरतात. शिफ्ट-टॅब करा, मागचा रकाना आत लिहिलेल्या मजकुरासकट निवडलेला मिळतो. थेट टाइप करायला लागलं की जुनं पुसून नवं येतं.

'मला अटी मान्य आहेत' असला चौकोन आला की स्पेसबार. स्त्री-पुरुष किंवा हो-नाही असे गोल आले की बाणांची बटणं. यादी उघडायची असेल तर आल्ट धरून खालचा बाण. पण यादी उघडायचीही गरज नसते. रकान्यात आल्यावर पहिलं अक्षर दाबा.

जळगाव जिल्ह्याचे पंधरा तालुके बहुतेक फॉर्मवर इंग्रजी अक्षरक्रमाने असतात. ए दाबलं की अमळनेर, झालं. सी दाबलं की चाळीसगाव, पुन्हा सी दाबलं की चोपडा. जे ला जळगाव, मग जामनेर. बोदवड हवं असेल तर तीनदा बी दाबावं लागतं, कारण आधी भडगाव आणि भुसावळ आहेत. तेवढ्यापेक्षा बी आणि ओ झटपट एकापाठोपाठ दाबा, थेट बोदवड. दोन अक्षरांमध्ये थांबलात तर कम्प्युटर ओ ला नवीन शोध समजतो, म्हणून झटपट.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होणार आहे. पाचोऱ्याच्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. ती इथे मामाकडे राहते. तालुका पाचोरा निवडला आणि पान खाली सरकवावं म्हणून खालचा बाण दाबला. पान सरकलं नाही, म्हणून माऊसचं चाक फिरवून पुढे गेले. झालं असं होतं की यादीच्या रकान्यातून मी बाहेर पडलेच नव्हते. बाणाने पान न सरकता यादी एक घर खाली सरकली. पाचोऱ्याच्या खाली काय? पारोळा. फॉर्म तीन आठवड्यांनी परत आला. मुलीचे वडील एसटी बदलत पाचोऱ्याहून आले आणि मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून नियम केलाय. यादीतून निवडलं की आधी एक टॅब मारून बाहेर पडायचं, मगच बाकीचं.

दुसरा धोका एंटरचा. काही फॉर्मवर कुठल्याही रकान्यात एंटर मारला की अर्धाच फॉर्म 'सबमिट' होतो. फॉर्ममध्ये एंटरला हात लावायचा नाही, सगळीकडे टॅब. आणि नेट हळू असताना पान पुन्हा उघडणारं एफ-५ मुळीच नाही, बहुतेक ठिकाणी भरलेलं सगळं जातं.

काही फॉर्मवरचं कॅलेंडर किंवा फोटो चढवायचं बटण टॅबला दाद देत नाही. आबांच्या फॉर्मवर तेच झालं. तिथे मला टायपिंग क्लासने नव्हे, डाव्या आल्ट, डाव्या शिफ्ट आणि नम लॉकने वाचवलं. ही तिन्ही बटणं एकदम दाबली की कम्प्युटर विचारतो, माऊसची बटणं चालू करू का? एंटर मारा. आता उजवीकडच्या आकड्यांच्या पाटीवरून बाण फिरतो. आठने वर, दोनने खाली, चारने डावीकडे, सहाने उजवीकडे, पाच म्हणजे टिचकी आणि अधिकचं चिन्ह म्हणजे दोन टिचक्या. बाण बैलगाडीसारखा चालतो, पण पोचतो. पुन्हा तीच तीन बटणं दाबली की बंद. आकड्यांची पाटी नसलेल्या लॅपटॉपवर हे जमत नाही, तिथे टचपॅड आहेच.

कॉपी-पेस्टच्या पुढचं

ज्या झेरॉक्सच्या नावावर माझ्या दुकानाची निम्मी कमाई होते, त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर यांनी सहकाऱ्यांबरोबर कट, कॉपी आणि पेस्ट घडवलं. ते २०२० साली वारले. त्या दिवशी मोबाइलवर बातमी वाचली आणि समोर झेरॉक्स मशीन चालू होतं, म्हणून लक्षात राहिलं.

कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही तुम्हाला येतं. विंडोज-व्ही येतं का? हे २०१८ च्या शेवटी विंडोज १० मध्ये आलं, तरी दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना मी दाखवते तेव्हा ते पहिल्यांदाच बघतात. पहिल्या वेळी ते 'चालू करा' म्हणतं, करा. त्यानंतर तुम्ही जे जे कॉपी कराल त्यातलं शेवटचं पंचवीस वेळांचं सगळं एका यादीत राहतं. बाणाने हवं ते निवडा, एंटर. म्हणजे सातबाऱ्यावरून नाव, गट नंबर, क्षेत्र आणि खाते नंबर चारदा कॉपी करून घ्यायचं आणि मग फॉर्मवर एकदाच जायचं. पूर्वी मी चार हेलपाटे घालायचे.

त्यातली पिन ही तर फारच कामाची. पिन लावलेला मजकूर कम्प्युटर बंद केला तरी जात नाही. माझ्याकडे तीन पिना कायम आहेत. 'आमचे येथे श्री कृपेकरून' ही पत्रिकेची सुरुवात, 'मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, अमळनेर, जि. जळगाव' हा पत्ता, आणि 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व बरोबर आहे' ही अर्जाची शेपटी. लग्नसराईत पहिली पिन इतकी चालते की पंचवीस जोडप्यांचं मंगल माझ्या एका एंटरवर होतं.

मात्र याच यादीत गिऱ्हाइकांचे आधार नंबर आणि खाते नंबरही साठतात. रात्री दुकान बंद करताना यादी उघडायची आणि 'सगळं पुसा' दाबायचं. पिना शाबूत राहतात, बाकीचं जातं. सायबर कॅफेत बसून स्वतःचं काम करत असाल तर उठण्यापूर्वी तुम्हीही करा. माझ्यासारखी दुकानवाली पुसेल या भरवशावर राहू नका.

वेबसाइटवरून मजकूर चिकटवला की त्याच्याबरोबर निळा रंग आणि भलामोठा टाइप येतो. ब्राउझरमध्ये आणि वर्डच्या नव्या आवृत्तीत कंट्रोल-शिफ्ट-व्ही केलं तर नुसता मजकूर येतो. जुन्या वर्डमध्ये आधी नोटपॅडवर चिकटवून तिथून उचला. आणि वर्डमध्ये नवीन पान सुरू करायला वीस वेळा एंटर मारणाऱ्यांनो, कंट्रोल धरून एकदाच एंटर मारा. वर दोन ओळी वाढल्या की तुमचा सही-शिक्क्याचा भाग पुढच्या पानावर पळतो तो त्या वीस एंटरमुळे.

मराठी टायपिंग

इथे जरा थांबते, कारण मराठीबद्दल कुणी धड सांगत नाही.

इंग्रजीवरून मराठीवर जायला विंडोज-स्पेस. त्याआधी सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडलेली हवी. त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतोच, आणि 'अमळनेर' इंग्रजी स्पेलिंगने टाइप करून मराठी उमटवायचं असेल त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये फोनेटिकही आहे. मोबाइलवर शिकलेली पोरं फोनेटिक वापरतात, वापरू देत. मी इनस्क्रिप्टवाली. रेमिंग्टन सोडून इनस्क्रिप्टवर येताना बोटांनी दोन महिने बंड केलं. पण इनस्क्रिप्टची मांडणी डोक्याने केलेली आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे 'का कि की कु' करताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती ठरवली, तीही बहुतेक भारतीय लिप्यांना एकच. त्याचा अर्थ मला एका नवापूरच्या व्यापाऱ्याने कळवला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, तसंच त्यांचं लेटरहेडही अर्धं मराठी, अर्धं गुजराती हवं होतं. मी गुजराती कीबोर्ड जोडला आणि मराठीचीच बटणं दाबत गेले. क च्या जागी गुजराती क, म च्या जागी गुजराती म. मला गुजराती वाचता येतं जेमतेम, पण टाइप झालं.

ळ शिफ्ट-एन वर आहे. आमच्याकडे हे अक्षर तोंडात नसतं. काळा म्हणजे 'काया', डोळा म्हणजे 'डोया', आणि रावेर-यावलकडचे लेवा पाटील केळीला 'केयी' म्हणतात. केळीच्या विम्याचा फॉर्म सांगताना गिऱ्हाईक 'केयी' म्हणतं आणि माझं बोट शिफ्ट-एन वर जातं. भाचीचं बोट सुरुवातीला य वर जायचं.

आता 'शेतकऱ्यांना'. हा शब्द खान्देशातल्या अर्जांत दर तिसऱ्या ओळीत येतो आणि निम्म्या अर्जांत चुकतो. र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), य असं दाबलं तर 'सूर्य' मधला रफार येतो आणि शब्द 'शेतकर्यांना' होतो. शेतकऱ्याचा र वेगळा आहे. शिफ्ट-जे दाबा, नुक्त्याचा र येईल. मग डी, तो हलन्त. मग य, जो पूर्णविरामाच्या उजवीकडच्या तिरप्या रेघेच्या बटणावर आहे. 'ऱ्य' तयार. तऱ्हा, वऱ्हाड, दुसऱ्या सगळे याच वाटेने. पत्रिकेत 'वर्हाडी मंडळी' छापून आलं की मला आजही जेवण जात नाही.

बॅकस्पेस आणि डिलीट यांतला फरक इंग्रजीत कळत नाही, मराठीत कळतो. 'कि' लिहिलं गेलं आणि 'की' हवं आहे. कर्सर अक्षराच्या उजवीकडे असताना एकदा बॅकस्पेस दाबा, फक्त वेलांटी जाते आणि क राहतो. दुसरी वेलांटी द्या. कर्सर अक्षराच्या डावीकडे ठेवून डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर वेलांटीसकट जातं. 'स्त्री' सारखं जोडाक्षर चुकलं असेल तर डिलीटने एका झटक्यात काढा. नुसती मात्रा चुकली असेल तर बॅकस्पेस. कंट्रोल-बॅकस्पेसने मागचा पूर्ण शब्द जातो.

₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंजूर झालं, पण अजून लोक 'रु.' लिहून वेळ मारून नेतात. कीबोर्ड इंग्रजीच्या भारतीय प्रकारावर असेल तर कंट्रोल-आल्ट-४. अमेरिकी प्रकारावर असेल तर काहीच होत नाही, आणि बरेचसे कम्प्युटर अमेरिकीवरच असतात. तेव्हा भाषांच्या सेटिंगमध्ये भारतीय इंग्रजी जोडून टाका.

बचत गटाची यादी

एक्सेलचं फार सांगत नाही, एकच गोष्ट जिवावर बेतू शकते ती सांगते. गल्लीतल्या बचत गटाच्या पंधरा बायकांची खात्यांची यादी मी करून दिली. त्यातल्या चौघींचे खाते नंबर सोळा आकडी होते. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा आकडेच लक्षात ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं, गुपचूप. चौघींचे नंबर शून्याने संपत होते. गटाच्या अध्यक्षबाई हुशार, त्या म्हणाल्या, "चारी बायकास्ना शेवटना आकडा सारखाच कसा?" म्हणून बचावलो. बारा आकडी आधार नंबर टाकला तरी एक्सेल त्याची मधेच ई आलेली भलतीच संख्या करून दाखवतं, आणि सुरुवातीचं शून्य खातं ते वेगळंच.

उपाय सोपा. नंबर टाकण्याआधी एक अवतरणचिन्ह टाका, एंटरच्या शेजारचं, एकेरी. ते छापलं जात नाही, पण एक्सेलला कळतं की ही संख्या नव्हे, मजकूर आहे. पूर्ण रकानाच तसा करायचा तर तो निवडून कंट्रोल-१ आणि 'टेक्स्ट'. हे आकडे टाकण्याआधी करा. नंतर केलं तर गेलेला आकडा परत येत नाही.

बाकी दोन वापरते. कंट्रोल धरून अर्धविराम, आजची तारीख पडते. आल्ट धरून बरोबरचं चिन्ह, वरच्या रकान्यांची बेरीज होते.

दोन कागद शेजारी

सातबाऱ्याची पीडीएफ आणि फॉर्म, दोन्ही एकाच पडद्यावर हवं असतं. एका खिडकीवर असताना विंडोज धरून डावा बाण, ती अर्ध्या पडद्यावर बसते. उरलेल्या अर्ध्यात कोण बसवायचं ते विंडोज विचारतं, बाणाने निवडा, एंटर. आल्ट-टॅबने खिडक्या बदलण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण आल्ट-टॅबमध्ये कागद डोळ्यांसमोरून जातो आणि डोक्यात ठेवलेला गट नंबर वाटेत सांडतो.

विंडोज-एल मात्र सक्तीचं, त्याने पडद्याला कुलूप लागतं. मी चहा घ्यायला उठले, प्रिंटरमध्ये कागद भरायला वळले, तरी विंडोज-एल. पडद्यावर कुणाचं ना कुणाचं आधार उघडं असतं आणि काउंटरच्या पलीकडे दहा डोळे असतात. गिऱ्हाइकाच्या बँकेचं वगैरे काम असेल तर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एनने खासगी खिडकी उघडायची, म्हणजे पासवर्ड मागे राहत नाहीत. आणि काम झाल्यावर त्यांची कागदपत्रं निवडून शिफ्ट-डिलीट. नुसतं डिलीट केलं तर ती कचऱ्याच्या डब्यात तशीच पडून राहतात. शिफ्ट-डिलीट केलेलं सहज परत मिळत नाही, तेव्हा दाबण्याआधी एकदा फाइलचं नाव मोठ्याने वाचा. मी वाचते. लोक हसतात.

चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. निकालाच्या दिवसांत रोज दहा वेळा लागतं. पडद्याचा हवा तेवढाच तुकडा कापायचा तर विंडोज-शिफ्ट-एस, चौकोन ओढा आणि व्हॉट्सॲपवर कंट्रोल-व्ही. यात माऊस लागतो, मान्य. पावतीचा पूर्ण पडदा हवा असेल तर विंडोज आणि प्रिंट स्क्रीन, फोटो आपोआप पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये जाऊन बसतो.

फाइलचं नाव बदलायला एफ-२. एक नाव टाकून टॅब मारला की पुढच्या फाइलचं नाव उघडतं, मग पुन्हा टॅब. स्कॅन केलेली चाळीस कागदपत्रं मी अशीच ओळीने नावं देत जाते. आधी गाव, मग आडनाव, मग काम. आधी गाव अशासाठी की एकाच आडनावाचे लोक इथे प्रत्येक गल्लीत आहेत.

कम्प्युटर बिघडला नाही

रोज एक तरी माणूस लॅपटॉप काखेत मारून येतो आणि म्हणतो, "हाई काय व्हयनं वं ताई?" निम्म्या वेळा काहीच झालेलं नसतं, पोराने किंवा मांजराने एखादं बटण दाबलेलं असतं.

पडदा उलटा झाला: जुन्या बऱ्याच मशीनवर कंट्रोल-आल्ट आणि वरचा बाण. त्याने नाही झालं तर डिस्प्ले सेटिंगमध्ये दिशा बदला. एका मास्तरांनी लॅपटॉपच उलटा धरून दोन दिवस काम केलं होतं.

ब्राउझरची वरची पट्टी गायब: एफ-११.

उजवीकडचे आकडे उमटत नाहीत: नम लॉक.

मधे टाइप केलं की पुढची अक्षरं खाल्ली जातात: इन्सर्ट बटण एकदा दाबा.

'स्टिकी कीज' असं काहीतरी विचारतंय: शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं. 'नाही' म्हणा आणि तिथेच असलेल्या दुव्यावर जाऊन ते कायमचं बंद करा. इनस्क्रिप्टवाल्यांना हा त्रास फार, आमचं शिफ्ट सारखं चालू असतं.

प्रोजेक्टर लावून झाल्यावर पडदा काळा: विंडोज-पी, मग एकदा खालचा किंवा वरचा बाण आणि एंटर. काहीच दिसत नसताना हे करावं लागतं, म्हणून पाठ ठेवा.

अक्षरं बारीक दिसतात ही तक्रार वेगळी. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो निघाली, ती पुढे कम्प्युटरची कंपनी झाली. तिचे शेअर राखून असलेली म्हातारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. त्यांतले एक नाना दर सोमवारी भाव बघायला येतात आणि पडद्याला नाक लावतात. त्यांना मी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह शिकवलं, पान मोठं होतं. कंट्रोल-शून्य केलं की पूर्ववत. सगळाच पडदा मोठा करायचा तर विंडोज आणि अधिकचं चिन्ह, बंद करायला विंडोज-एस्केप. नानांना पहिलं येतं, शून्याचं विसरतात. सोमवारी दुपारनंतर त्या कम्प्युटरवर बसणाऱ्याला एकेक अक्षर जांभळाएवढं दिसतं.

शिकायचं कसं

हे सगळं एका दिवसात घ्यायला जाऊ नका. मी कागदाच्या चिठ्ठीवर एकच शॉर्टकट लिहून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवते. आठवडाभर तोच. बोट आपोआप जायला लागलं की चिठ्ठी काढायची, पुढची लावायची. कुठला आधी? तुमचा हात दिवसभरात ज्या कामासाठी सर्वांत जास्त वेळा माऊसकडे जातो, तो. माझा शिफ्ट-टॅब होता. पत्रिका करणाऱ्याचा विंडोज-व्ही असेल, हिशेब लिहिणाऱ्याचा आल्ट आणि बरोबर. आणि काम जतन करणाऱ्या कंट्रोल-एसला चिठ्ठीची गरज नसते, त्याला महावितरण पुरेसं आहे. एकदा वीज जाऊन दोन पानं गेली की बोट आपोआप शिकतं.

भाची बारावी करून सुट्टीत माझ्याकडे शिकायला येते. तिचा टायपिंगचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे, पण रकाना बदलायला ती माऊसच उचलते. सांगून झालं, ओरडून झालं, पट्टी मी वाजवत नाही. गेल्या सोमवारी सकाळी तिचा माऊस काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. पहिल्या दिवशी ती रुसली आणि माझ्याकडची शेवभाजीही खाल्ली नाही. काल तिने चोपड्याच्या एका काकांचा फॉर्म भरताना न बघता सी-सी दाबलं आणि टॅब मारून बाहेर पडली. माऊस शनिवारी परत देणार आहे.